दुधाचा दात निखळला तर परत बसवू नका

आमची लेक अडीच वर्षांची असताना मोरीच्या उंबऱ्यावर तोंडघशी पडली. वरचा दात मुळासकट बाहेर, फ्रॉक रक्ताने माखलेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दात लगेच जागेवर बसव." मी बसवला नाही, तेच बरं झालं. पक्का दात निखळला तर बसवतात, दुधाचा नाही. हिरडीत तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

आधी मूल शुद्धीवर आहे ना, उलटी किंवा गुंगी नाही ना, बघा. शुद्ध हरपली असेल, उलटी किंवा गुंगी असेल तर दाताचं राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा. यातलं काही नसेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून दाताच्या जागी 10 मिनिटं दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. थुंकीत मिसळून थोडं रक्तही फार वाटतं.

निखळलेला दात शोधाच. सापडला नाही आणि मूल खोकत असेल, धापा टाकत असेल, तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो, लगेच निघा. दात हिरडीत रुतला असेल तर ओढू नका, बरेचदा तो काही महिन्यांत आपोआप खाली येतो. काहीही असलं तरी त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

आठवडाभर आम्ही गुरगुट्या भात आणि वरणच दिलं. तिचा शेजारचा दात पुढे करडा पडला. नुसत्या रंगाने घाबरू नका, हिरडीवर पुळी आली तर मात्र लगेच दाखवा.