राडारोड्याचा प्रकल्प तोट्यात का जातो? या चुका टाळा

पाडकामाचा राडारोडा फुकट मिळतो, तो दळायचा, खडी-वाळू विकायची आणि नफा मोजायचा, असा हिशेब मांडून प्रकल्प उभा केला की पहिली चूक झालीच. खडी हा जड पण स्वस्त माल आहे. नुसत्या तिच्या विक्रीवर क्रशर, वीज आणि मजुरी निघणं कठीण. म्हणून राडारोडा उतरवून घेण्याचं शुल्क हे दुसरं उत्पन्न निविदेतच पक्कं करून घ्या.

शुल्क लावलं आणि गाड्याच येईनात? मग रात्री नाल्याकाठी काय पडतंय ते पाहा. तिथे टाकणं फुकट असेल, तर तुमचं शुल्क कितीही कमी असलं तरी महागच वाटणार. पाडकामाची परवानगी देताना पालिकेने अनामत घ्यावी आणि प्रकल्पाच्या वजनकाट्याची पावती दाखवल्यावरच ती परत करावी. माझ्या मते ही एक अट नव्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगाची आहे. ब्रिटनने १९९६ मध्ये कचराभूमीवर कर लावला आणि २००२ मध्ये नव्याने काढलेल्या खडी-वाळूवरही. टाकणं आणि खणणं दोन्ही महाग झालं, की मधला पुनर्वापर परवडू लागतो.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो मात्र सरमिसळीत, आणि तोही माल प्रकल्पात पोचण्याआधीच. निव्वळ काँक्रीट वेगळं आलं तर त्याची चांगली खडी होते. त्यातच विटा, माती, लाकूड, प्लास्टिक मिसळलं की तोच माल भरावाच्या किमतीला उतरतो. जिप्समचं छत त्यात गेलं तर सल्फेट वाढतं आणि पुढे त्या खडीचं काँक्रीट फुगून तडकू शकतं. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मिसळले तर अख्खा ढीगच धोकादायक ठरतो. एकदा मिसळलेलं नंतर निवडायला मजूर लागतात, वेळ लागतो, आणि तरी सगळं निघत नाही. त्यामुळे दारं-खिडक्या, वायरी, छत, पत्रे आधी उतरवा आणि मगच इमारतीला हात लावा. कंत्राटदाराला हे जास्तीचं काम वाटतं. ते गैरही नाही, कारण त्याचा वेळ जातो आणि फायदा प्रकल्पाचा होतो. म्हणून स्वच्छ मालाला कमी शुल्क आणि मिसळलेल्याला जास्त, असा फरक ठेवा. तो ठळक हवा, नाहीतर कोणी दखल घेणार नाही.

वाहतुकीचा खर्च मोजताना रिकाम्या परतीच्या फेरीचं डिझेलही धरा. शहराबाहेर लांब एकच मोठा प्रकल्प कागदावर स्वस्त दिसतो, पण अंतरच नफा खातं. राडारोडा घेऊन आलेला डंपर जाताना खडी घेऊन जाईल, अशी सोय करा. पाडकाम फार मोठं असेल तर फिरता क्रशरच तिथे नेणं परवडतं.

गिऱ्हाईक म्हणालं, काँक्रीट लवकर घट्ट होतं, तर खडीला चिकटलेला जुना मसाला पाणी शोषतोय. मनाला येईल तसं पाणी ओतू नका, खडी आधी भिजवून घ्या. भारतीय मानक आयएस ३८३ मध्ये २०१६ पासून अशा खडीला जागा आहे: साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम२५ पर्यंतच्या दर्जासाठी (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) २० टक्क्यांपर्यंत. तरी सरकारी कामाच्या दरसूचीत तिचं नाव नसेल, तर अभियंता ती मागवायला कचरतो. उत्पादन सुरू होण्याआधी ती नोंद करून घ्या.

आणि बारीक चुरा. खडी विकली जाते, पण चुऱ्याचे ढीग आवार व्यापतात आणि शेवटी नवा माल उतरवायला जागाच उरत नाही. भराव किंवा पेव्हर ब्लॉकसाठी तो उचलणारे आधी ठरवा, क्रशरची क्षमता नंतर.