गाडीत गांजा सापडला म्हणून केस झाली तर बचाव कसा करायचा : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी

आपल्या सीमाभागात अर्ध्या गल्लीचं पोट गाडीवर आहे. कोण पुणे-बेंगळूर हायवेला ट्रक मारतो, कोण चोर्ला घाटातून गोव्याला भाजीचा टेम्पो नेतो, आणि मग एके दिवशी फोन येतो की गाडी धरली, आत गांजा मिळाला. घरचे लगेच ओळखीचा पुढारी शोधायला पळतात आणि त्यात दोन दिवस जातात. नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे, कारण या केसेसमध्ये पोरगा चांगला की वाईट हे कोण विचारत नाही, पोलिसांनी कागद कसे केलेत यावरच बरंच काही ठरतं.

आधी केस कुठल्या कायद्याची ते विचारा. गोव्याची दारू आणताना धरलं असेल तर ते एक्साइजचं मॅटर, त्याला खालचं लागू नाही. गांजा, चरस, हेरॉइन, नशेच्या गोळ्या असतील तर एनडीपीएस कायदा 1985, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा.

मग वजन बघा. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष, त्याच्या वर पण व्यापारी प्रमाणापेक्षा कमी असेल तर 10 वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाण म्हणजे 20 किलोच्या वर गेलं की कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 20 वर्षं, वर लाखाच्या पुढं दंड. म्हणून 21-22 किलोची केस असेल तर वजन कसं केलं ते बारकाईनं तपासायचं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे, शेंडे सोबत नसलेली नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पोत्यासकट, पाला-काड्यांसकट सगळं काट्यावर टाकून 21 किलो लिहिलं असेल तर शेंडे वेगळे काढले का, वजन कुठल्या काट्यावर केलं, पोत्याचं वजन वजा केलं का, हे वकिलांनी विचारलंच पाहिजे. हेरॉइनसारख्या मालात मात्र भेसळीसकट पूर्ण वजन धरतात, 2020 ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय, तिथं हा मुद्दा चालणार नाही.

अटकेनंतर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, आणि अटकेची कारणं लेखी, आणि माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे परत बजावलंय. आपल्याकडं हा मुद्दा फार मोठा आहे. चंदगडचा किंवा निपाणीचा ड्रायव्हर, त्याला कन्नड बोलता येतं थोडंफार पण वाचता येत नाही, आणि पंचनामा, जबाब सगळं कन्नडमध्ये. सही करायला सांगितलं की तो मान खाली घालून करतो. सही करावी लागलीच तर खाली स्वतःच्या हातानं मराठीत लिहायचं, ‘मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर वाचून दाखवला नाही’. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर तेच तोंडी सांगायचं आणि मारहाण झाली असेल तर तीही तिथंच सांगायची, नंतर सांगितलेलं कोर्टाला पटवणं अवघड जातं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, एनडीपीएसच्या कलम 67 खाली अधिकाऱ्यानं घेतलेला कबुलीजबाबही 2020 च्या तोफान सिंग निकालानंतर चालत नाही, तेव्हा ‘त्यानं कबूल केलंय’ एवढं ऐकून हातपाय गाळू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर 15100 ला फोन करा किंवा जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणायची गरज नाही.

आता खरा कस पंचनाम्यात लागतो. एफआयआर, पंचनामा, अटकेचा मेमो, रिमांड अर्ज यांच्या कॉपी काढा, कन्नड येणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि वेळा एका कागदावर मांडा. समजा पंचनाम्यात लिहिलंय की 6 वाजून 10 मिनिटांनी हत्तरगी टोलच्या पुढं गाडी अडवली, आणि फास्टॅगचा मेसेज सांगतो की त्याच टोलवर पैसे 6 वाजून 25 मिनिटांनी कटले. असा मेसेज मोबाईलवरून उडायच्या आत जपून ठेवा. टोलचं आणि स्टेशनचं सीसीटीव्ही लवकर पुसलं जातं म्हणून ते राखून ठेवायला कोर्टात अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. नवीन बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 105 प्रमाणं झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, ते केलं का आणि कोर्टात दिलं का, हेही विचारा.

आधीच खबर मिळून खाजगी गाडी तपासली असेल तर एनडीपीएसचं कलम 42 बघा (इथून पुढची कलमंही त्याच कायद्याची) : खबर लेखी घेतली का, 72 तासांत वरिष्ठाला पाठवली का, रात्रीची झडती असेल तर वॉरंटला का थांबलो नाही ते नोंदवलं का. खाजगी गाडी हायवेवर उभी असली तरी ती ‘सार्वजनिक वाहन’ होत नाही, 2021 ला बूटा सिंग केसमध्ये याच मुद्द्यावर आरोपी सुटले. कलम 50 ची मात्र लोकांना उगाच जास्त आशा असते. मॅजिस्ट्रेट किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर झडती मागायचा हक्क अंगझडतीपुरता आहे, बॅगेला, हौद्याला, डिकीला लागू नाही. खिशातनं काही निघालं असेल तरच त्यावर जोर द्या.

सँपल मॅजिस्ट्रेटसमोर काढायचं, कलम 52ए. सील कुणाचं, माल गोदामात कधी गेला, लॅबला किती दिवसांनी पोचला, सीलचा ठसा जुळतो का, ही साखळी तुटली तर केस ढिली पडते. पण एवढ्यावरच माणूस सुटतो असं नाही, 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की 52ए मधली चूक म्हणजे आपोआप निर्दोष नव्हे, बाकीचा पुरावाही बघतात.

ड्रायव्हरला मालात काय आहे ते माहीत नव्हतं, हा बचाव सगळ्यात खरा आणि सगळ्यात अवघड. ताबा सिद्ध झाला की कलम 35 आणि 54 प्रमाणं कोर्ट धरून चालतं की माहीत होतं, मग उलटं आपल्याला दाखवावं लागतं. त्यासाठी बिल्टी, ई-वे बिल, माल कुठं भरला, भरणाऱ्याचा नंबर, भाडं कुणी ठरवलं, फोनपेवर पैसे कुणाकडून आले, हे सगळं लागतं. कांद्याच्या 200 पोत्यांच्या मागं दोन पोती गांजाची, आणि पोती भरताना ड्रायव्हर हॉटेलात जेवत होता, तर त्या हॉटेलचं बिल आणि हमालाची साक्ष सोन्यासारखी. कॅबिनमध्ये सीटखाली माल असेल तर हे सांगणं जड जातं, उगाच खोटी गोष्ट रचू नका, उलटतपासणीत फाटते. मागं बसून लिफ्ट घेतलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, नुसता गाडीत होता म्हणून मालावर त्याचा ताबा ठरत नाही.

व्यापारी प्रमाण असेल तर कलम 37 मुळं बेल सहज मिळत नाही. पण चार्जशीट 180 दिवसांत आली नाही, आणि कोर्टानं मुदत वाढवलेली नाही, तर चार्जशीट यायच्या आधी अर्ज टाकला की डिफॉल्ट बेलचा हक्क येतो. तारीख भिंतीवर लिहून ठेवा, चार्जशीट आधी पडली तर हक्क गेला. इथं बेल नाही झाली तर धारवाडच्या हायकोर्ट बेंचकडं जाता येतं, ट्रायल फार रखडली तर त्या कारणावरही.

गाडीमालकांसाठी शेवटचं. गाडी जप्त झाली म्हणजे कायमची गेली असं नाही. मालकाला, त्याच्या माणसाला आणि चालवणाऱ्यालाही माहिती नव्हती आणि प्रत्येकानं काळजी घेतली होती हे दाखवलं तर कलम 60 प्रमाणं ती सरकारजमा होत नाही, आणि केस चालू असताना तात्पुरती सोडवून घेता येते, जानेवारी 2025 मध्ये आसामच्या एका ट्रकच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते सांगितलं. आरसी, इन्शुरन्स, बँकेचं लोनचं पत्र, ड्रायव्हरला कामावर ठेवल्याचे कागद घेऊन अर्ज करा, नाहीतर स्टेशनच्या आवारात टायर कुजेपर्यंत हप्ते भरत बसावं लागेल.