लॉगमध्ये तीच ओळ पुन्हापुन्हा येतेय? आधी घड्याळ बघा

अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे वेब सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक मागणीच्या नोंदीत, एखादी अनोळखी रिक्वेस्ट सारखी दिसू लागली की आयपी (मागणाऱ्या मशीनचा पत्ता) ब्लॉक करायला हात शिवशिवतात. जरा थांबा. तो आयपी तुमच्याच दुसऱ्या मशीनचा निघाला तर पंचाईत होईल.

आधी त्या रिक्वेस्टच्या सगळ्या ओळी ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) वेगळ्या काढा आणि फक्त वेळा वाचा. दरवेळी सेकंदांच्या जागी 00 किंवा 01 असेल तर संशय क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) घ्या, कारण क्रॉन मिनिट बदलताच काम सुरू करतो. अंतर साधारण 5 मिनिटांचंच, पण प्रत्येक फेरीत दोन-तीन सेकंद पुढे सरकतंय? मग कुठलीतरी स्क्रिप्ट काम उरकून 300 सेकंद झोपते आणि पुन्हा उठते. काही सेकंदांच्या अंतराने अखंड येत असेल तर बहुधा लोड बॅलन्सरची (मागण्या अनेक सर्व्हरवर वाटणारी यंत्रणा) हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे ना याची चाचणी. वेळांना काहीच ताल नसेल, पण ती रिक्वेस्ट नेहमी एका ठरावीक पानाच्या मागोमाग येत असेल, तर दोष त्या पानाच्या कोडमध्ये शोधा. रिक्वेस्ट कुठल्या पानावरून आली ते रेफररचा रकाना दाखवून देतो.

आता आयपी. 127.0.0.1 वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, 'ऑप्शन्स' आणि पुढे नुसती चांदणी (OPTIONS *) दिसली, तर ती अपाचे या वेब सर्व्हरने स्वतःच्याच प्रोसेसना जागं करायला केलेली हाक आहे, सोडून द्या. अख्ख्या लॉगमध्ये सगळ्याच ओळींवर एकच आयपी असेल तर बहुधा मध्ये प्रॉक्सी (मागण्या पुढे पाठवणारा मध्यस्थ सर्व्हर) आहे. मूळ आयपी सांगणारं 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हेडर लॉगमध्ये घ्या.

युजर एजंटवर (मागणारा स्वतःची ओळख सांगतो तो रकाना) विसंबू नका, तिथे कोणीही काहीही लिहू शकतं. स्वतःला गूगलबॉट (गूगलचा पानं वाचणारा प्रोग्राम) म्हणवणाऱ्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव, काढा. मिळालेलं नाव गूगलच्या डोमेनचं हवं आणि त्या नावावरून उलट तोच आयपी यायला हवा.

फेव्हिकॉन (टॅबवरचं छोटं चित्र) ब्राउझर आपणहून मागतात, रोबोट्सची फाइल (robots.txt) क्रॉलर, म्हणजे पानं गोळा करणारे प्रोग्राम, मागतात. वर्डप्रेस नसताना त्याचं लॉगिन पान मागणारे स्कॅनर (कच्चे दुवे शोधत फिरणारे प्रोग्राम) असतात. उत्तर 404 (पान नाही) जातंय ना, एवढंच बघा. 200 (पान सापडलं) जात असेल तर मात्र लगेच तपासा.

तरीही उलगडा होत नसेल तर होस्ट हेडर (कुठल्या डोमेनच्या नावाने मागणी आली ते) लॉग करा. क्लाउडमधले आयपी हातोहात फिरतात आणि आधीच्या मालकाचं डोमेन अजून तुमच्याकडेच बोट दाखवत असू शकतं. अशा परक्या नावांसाठी वेगळा डीफॉल्ट होस्ट ठेवा. एंजिनएक्स (nginx) या वेब सर्व्हरमध्ये तिथे 444 लिहिलं की उत्तर न देताच कनेक्शन तुटतं.