'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' वाचनगटात कशी वाचावी

पुण्यातल्या एखाद्या वाचनगटाने फ्योदोर दस्तयेव्हस्की यांची १८६४ मधली ही लघुकादंबरी निवडली, तर वाचनाची सुरुवात दुसऱ्या भागापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या भागाची अकरा प्रकरणे म्हणजे पीटर्सबर्गमधल्या चाळिशीच्या एका निवृत्त कारकुनाचे स्वगत. तेथून आरंभ केला की मंडळी त्याला तत्त्वज्ञ समजून वाक्यांखाली रेघा ओढू लागतात आणि बोलणारा माणूस दुखावलेला आहे हे नजरेआड होते. दुसऱ्या भागात तोच माणूस चोवीस वर्षांचा आहे आणि तेथे त्याचे वागणे प्रत्यक्ष दिसते.

पहिल्या बैठकीत अधिकाऱ्याचा प्रसंग मोठ्याने वाचावा. खानावळीत बिलियर्डच्या टेबलापाशी वाट अडवून उभ्या असलेल्या या तरुणाला एक लष्करी अधिकारी खांद्यांना धरून, अवाक्षर न बोलता बाजूला ठेवतो. हा अपमान तो वर्षानुवर्षे उगाळतो आणि शेवटी नेव्स्की रस्त्यावर त्याच अधिकाऱ्याला वाट द्यायची नाही असे ठरवतो. पण बरोबरीचे दिसायला हवे म्हणून आगाऊ पगार मागतो, साहेबाकडून उसने पैसे घेतो आणि कोटाची जुनी कॉलर काढून बीव्हरच्या कातड्याची बसवतो. अखेर खांद्याला खांदा भिडतो. अधिकारी मागे वळूनही पाहत नाही. येथे वाचन थांबवून, लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत आपण कोणाला पाहून आपसूक बाजूला होतो आणि कोणाला पाहून होत नाही, हे प्रत्येकाला विचारावे. उत्तरे सहज येत नाहीत, म्हणून घाई करू नये.

मित्रांच्या मेजवानीचा भाग घरी वाचून यावा. वेश्यागृहात ओळख झालेल्या लीझा या तरुणीच्या भेटीला मात्र स्वतंत्र बैठक द्यावी. तो तिला टोचून बोलतो, तरीही हा दुःखी आहे हे ओळखून ती त्याला मिठी मारते. त्यावर तो तिच्या हातात पैसे कोंबतो आणि ती गेल्यावर पाच रूबलची चुरगळलेली नोट टेबलावर सापडते. चर्चेत त्याला चटकन दोषी ठरवू नये आणि त्याची वकिलीही करू नये.

त्यानंतर पहिला भाग घ्यावा. माणसाला त्याचे खरे हित समजले की तो शहाण्यासारखा वागेल, या रशियन लेखक चेर्निशेव्हस्की यांच्या १८६३ मधल्या कादंबरीतल्या विश्वासाला येथे विरोध आहे, एवढी पार्श्वभूमी सूत्रधाराने आधी सांगावी. दहाव्या प्रकरणात श्रद्धेची गरज मांडणारा मजकूर सेन्सॉरने कापला, अशी तक्रार लेखकाने भावाला लिहिलेल्या पत्रात केली होती. त्यामुळे तेथला युक्तिवाद तुटक वाटला तर तो दोष वाचकाचा नाही. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे तर दस्तयेव्हस्की यांनी आरंभीच्या तळटीपेतच स्पष्ट केले आहे.

सर्वांत शेवटी दुसऱ्या भागाचा अखेरचा परिच्छेद पुन्हा काढावा. आपण सारेच खऱ्या जगण्यापासून तुटलो आहोत, असे तो तेथे म्हणतो. त्या 'आपण'मध्ये तो आपल्याला कोणत्या अधिकाराने ओढतो, यावर उरलेला सगळा वेळ द्यावा.