ड्रायव्हर टाकला, तरी एनव्हिडिया कार्ड चालेना?

उबुंटू लिनक्सवर ड्रायव्हर बिनतक्रार बसतो, पण रीस्टार्टनंतर 'एनव्हिडिया-एसएमआय' (कार्डची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतं, ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही. लगेच सगळं काढून पुन्हा टाकत बसू नका. आधी बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू आहे का बघा. चालू असेल, तर ओळखीची डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (इथे ड्रायव्हरचा भाग) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आत घेत नाही. इन्स्टॉल करताना मागितलेला नवा पासवर्ड ती सही ओळखीची करून देण्यासाठीच असतो (बहुतेक जण तो विसरतात). रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, जेमतेम 10 सेकंद. तेवढ्यात कुठलीही की दाबा; 'एन्रोल मोक' (मोक म्हणजे ती सही ओळखायला लागणारी किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', मग तोच पासवर्ड. हुकलं? 'मोकयुटिल' या कमांडने 'मोक डॉट डीईआर' ही किल्लीची फाइल सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) पुन्हा इम्पोर्ट करा आणि रीस्टार्ट करा. निळा स्क्रीन परत येईल.