आपल्याला जुळणारा काउन्सेलर कसा शोधायचा

काउन्सेलरकडे जायचं हे ठरवण्यातच महिनेच्या महिने जातात, आणि एकदा ठरलं की मग धीर धरवत नाही, जो पहिला नंबर मिळेल तिथे फोन लावला जातो. तिथे दोन-तीन सेशन होतात, काही जुळत नाही, आणि मग "हे काउन्सेलिंग वगैरे आपल्याला काही लागू पडत नाही" म्हणून विषय कायमचा बंद. असा विषय बंद केलेले लोक मी बरेच पाहिलेत आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्यातल्या कितीतरी जणांना फक्त दुसरा काउन्सेलर हवा होता. म्हणून शोधायचं कुठे, काय विचारायचं, किती थांबायचं आणि कधी सोडून द्यायचं ते सगळं जरा सविस्तर लिहितेय.

पण त्याआधी एक. मरून जावं असं वाटतंय, स्वतःला इजा करायचे विचार येतायत, कुणी नसताना आवाज ऐकू येतायत, किंवा रात्रीच्या रात्री झोप नाही आणि तरी अंगात प्रचंड एनर्जी आहे, यातलं काही असेल तर काउन्सेलर शोधत बसू नका. आजच्या आज हेल्पलाइनला फोन करा नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, आणि एकटे जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.

आता कोण काय करतं ते. सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी डॉक्टर होऊन मग मनाच्या आजारांचं स्पेशलायझेशन केलेला, तो औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला असतो, टेस्ट घेतो, निदान करतो, थेरपी देतो, पण बहुतेक ठिकाणी औषधं लिहून देत नाही. काउन्सेलर बोलण्यातून मदत करतो, नात्यातली भांडणं, कुणी गेल्याचं दुःख, नोकरीतला ताण, सततची काळजी अशा गोष्टींवर. आणि इथेच सावध राहायचं, कारण काउन्सेलर हा शब्द खूप देशांत कायद्याने राखीव नाही, अगदी ब्रिटनमध्येसुद्धा नाही, त्यामुळे चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही पाटी लावून बसू शकतो. लाइफ कोच, हीलर वगैरे लोकांचं तर विचारूच नका. म्हणून डिग्री कुठली, कुठल्या कौन्सिलकडे किंवा असोसिएशनकडे रजिस्ट्रेशन आहे, हे विचारायचं आणि त्या संस्थेच्या यादीत नाव शोधून बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही.

औषध की काउन्सेलिंग असा वाद बरेच जण घालतात, तो कशाला घालतात कळत नाही, कितीतरी जणांना दोन्ही एकत्र लागतं आणि दोन्ही एकत्र चालतं. शिवाय थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस डिप्रेशनमध्ये गेल्यासारखा दिसतो, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांना सांगून एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं.

शोधायला सुरुवात करायच्या आधी कागद घेऊन बसा. "मला टेन्शन येतं" एवढ्यावर थांबू नका, त्यातून समोरच्याला काही कळत नाही आणि तुम्हालाही नाही. असं लिहा, की बॉसचा मेल दिसला की छातीत धडधडतं, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, घरी कुणी साधं काही विचारलं तरी मी वसकन ओरडते, हे साधारण चार महिन्यांपासून चाललंय. आणि खाली एक ओळ, काय बदललेलं हवंय. झोप नीट लागावी, मुलांवर ओरडणं थांबावं, त्या माणसाला नाही म्हणता यावं, जे असेल ते. या चार ओळी पुढे फोनवर, मेसेजमध्ये, पहिल्या सेशनला, सगळीकडे कामाला येतात, कारण ऐन वेळी घसा दाटून येतो आणि काही सुचत नाही.

त्रास नक्की कुठला आहे यावरून पद्धतही थोडी ठरते. १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी मांडलेली सीबीटी, म्हणजे विचार, भावना आणि वागणं यांची साखळी पकडून काम करणं, ही चिंता आणि डिप्रेशनसाठी भरपूर वापरली जाते. ओसीडी असेल, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन एकच गोष्ट परत परत करावीशी वाटत असेल, तर नुसत्या गप्पांनी भागत नाही, तिथे ईआरपी नावाची पद्धत येणारा माणूस हवा, ज्यात भीती वाटणाऱ्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि ते पुन्हा पुन्हा हात धुणं किंवा तपासणं मुद्दाम रोखायचं. अपघात, हिंसा, अत्याचार यांचा मनावरचा घाव असेल तर ट्रॉमाचं खास ट्रेनिंग घेतलेला हवा, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींवर काम करायची पद्धत) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी वगैरे. नवरा-बायकोचं असेल तर कपल्सचं काम करणारा, लहान मुलांसाठी मुलांचंच काम करणारा. सगळं येतं म्हणणाऱ्याला "यातलं तुम्ही जास्त काय करता" असं परत विचारा.

तरी पण पद्धतीच्या नावात फार अडकू नका असंच मी म्हणेन. एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: दोघांमधला विश्वास, कुठे पोचायचं याबद्दल एकमत, आणि तिथे पोचायला काय करायचं याबद्दल एकमत. हे नातं कसं आहे यावरून थेरपीने फरक पडेल की नाही याचा अंदाज बराच येतो, हे त्यानंतरच्या भरपूर रिसर्चमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की हे तिन्ही तुम्ही स्वतः तपासू शकता, त्यासाठी मानसशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही.

नावं कुठून मिळवायची? नेहमीचे डॉक्टर, हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग, रजिस्ट्रेशन देणाऱ्या संस्थांच्या याद्या, कॉलेज किंवा ऑफिसने ठेवलेली काउन्सेलिंगची सोय. पैशांची अडचण असेल तर युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्र विभागाची ट्रेनिंग क्लिनिकं असतात, तिथे शिकणारे लोक सीनियरच्या देखरेखीखाली काम करतात आणि फी कमी असते, आणि खरं सांगायचं तर ते खूप मन लावून ऐकतात. ग्रुप थेरपीही स्वस्त पडते. काही काउन्सेलर उत्पन्न बघून फी कमी करतात पण स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं, आणि ते विचारण्यात काहीही लाज नाही.

मैत्रिणीने सुचवलेलं नाव जरूर घ्या पण तिला काय त्रास होता आणि तुम्हाला काय आहे ते वेगळं असू शकतं हे लक्षात ठेवा. आणि सख्ख्या बहिणीचा किंवा नवऱ्याचा जो काउन्सेलर आहे तोच आपल्यालाही धरू नका, बोलताना मन कचरतं. ऑनलाइन रिव्ह्यूंवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ज्यांना बरं वाटलं ते सहसा जाहीर लिहीत नाहीत, आणि कुणी वाईट लिहिलं तर काउन्सेलरला गोपनीयतेमुळे उत्तर देता येत नाही. उलट वेबसाइटभर सध्याच्या क्लायंटकडून मागून घेतलेली कौतुकं लावलेली दिसली तर मी जरा मागेच सरकेन, कारण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर अशी प्रशस्तिपत्रकं मागायलाच मनाई आहे.

भाषेचा विचार करा. ज्या भाषेत तुम्हाला राग येतो, ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता, त्या भाषेत बोलता आलं तर खूप फरक पडतो, नाहीतर अर्धा वेळ वाक्य जुळवण्यातच जातो. बाई हवी की पुरुष, वयाने मोठं की आपल्या वयाचं, यातही तुमची आवड असणं अगदी रास्त आहे, स्पष्ट सांगा. तुम्ही गे, लेस्बियन, ट्रान्स असाल तर आधीच विचारून घ्या की असे क्लायंट पाहिलेत का. समलैंगिकता बदलून देतो म्हणणाऱ्याकडे पाऊलही टाकू नका, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्येच तिला आजारांच्या यादीतून काढायचं ठरवलं, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली.

दोन-तीन नावं झाली की मेसेज करा. लांबलचक कहाणी नको, साधारण असं पुरतं: "नमस्कार मॅडम, मला गेले चार महिने कामाच्या ताणामुळे झोपेचा आणि चिडचिडीचा त्रास होतोय. तुम्ही अशा गोष्टींवर काम करता का? सेशनआधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? फी आणि वेळा कळवाल का?" बरेच जण असा छोटा फोन फुकट देतात. फोनवर विचारा की माझ्यासारख्या त्रासाचे लोक किती पाहिलेत, साधारण कसं काम करता, किती दिवसांनी भेटायचं, आयत्या वेळी कॅन्सल झालं तर पैसे लागतात का, दोन सेशनच्या मधे फारच बिघडलं तर काय करायचं, आणि तुम्ही स्वतः सुपरव्हिजन घेता का, म्हणजे आपलं काम एखाद्या सीनियरकडून तपासून घेता का. उत्तराइतकंच उत्तर देण्याची तऱ्हा बघा. नीट काम करणाऱ्या माणसाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. "एवढे प्रश्न विचारणार असाल तर कसं होणार" असं कुणी म्हटलं तर थँक्यू म्हणून फोन ठेवा.

वेटिंग असेल तर एकाच ठिकाणी नाव देऊन थांबू नका.

पहिलं सेशन साधारण ४५ मिनिटं ते तासभर, आणि बरेचदा थोडं निराश करणारं असतं, कारण त्यात झोप, भूक, घरचे, जुने आजार असे माहितीचेच प्रश्न जास्त असतात, तिथे लगेच हलकं वाटेल असं धरून जाऊ नका. एखाद्या गोष्टीवर आज बोलायचं नाही असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे, आणि ते ऐकून काउन्सेलर काय करतो ते नीट बघा. चांगला असेल तर म्हणेल की ठीक आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा बोलू, आणि खरंच पुढे जाईल. गोपनीयतेबद्दलही पहिल्याच वेळी सांगितलं पाहिजे, तिची मर्यादासुद्धा, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कोर्टाने मागितलं तर काय होतं ते. स्वतःहून नाही सांगितलं तर विचारा. ऑनलाइन असेल तर त्यांच्या खोलीत दुसरं कुणी आहे का, रेकॉर्डिंग होतं का, कॉल तुटला तर काय, हेही. तुमच्या बाजूने हेडफोन आणि बंद दार, घरात शक्य नसेल तर पार्क केलेल्या गाडीत बसून बोलणारेही आहेत.

घरी आल्यावर बोर्डिनचे ते तीन भाग स्वतःला विचारा. याच्यासमोर मी खरं बोलू शकले का? मला काय हवंय ते याला कळलंय का? आणि आम्ही जे करतोय ते का करतोय हे मला समजतंय का? दर सेशननंतर दोन ओळी लिहून ठेवल्या तर तीन-चार वेळांनंतर चित्र आपोआप दिसतं.

आता सगळ्यात अवघड भाग, त्रास होणं आणि चुकीच्या माणसाकडे असणं यातला फरक. सेशननंतर रडू येणं, थकून जाणं, नको तो प्रश्न विचारला म्हणून काउन्सेलरचा राग येणं, हे काम चालू असल्याचंही लक्षण असू शकतं. असा राग आला तर गायब होऊ नका, पुढच्या वेळी तोंडावर सांगा, "मागच्या वेळी तुम्ही आईबद्दल जे बोललात ते मला लागलं." सॅफरन आणि मुरान या दोन मानसशास्त्रज्ञांनी थेरपीतलं नातं असं तुटण्यावर आणि पुन्हा जोडण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय, आणि नातं ताणलं जाऊन परत नीट झालं तर त्यातून फायदाच होतो असं दिसतं. पण तुम्हाला कमी लेखणं, "एवढ्याशा गोष्टीचं काय" म्हणणं, स्वतःच्याच गोष्टी सांगत बसणं, दुसऱ्या क्लायंटचे किस्से ओळख पटेल असे सांगणं, चार सेशनमध्ये बरं करतो अशी गॅरंटी देणं, वीस सेशनचे पैसे आधीच भरायला लावणं, स्वतःचा धर्म किंवा गुरू गळ्यात मारणं, सायकियाट्रिस्टला न विचारता गोळ्या बंद करायला सांगणं, हे सगळं निघून येण्यासारखं आहे. आणि शारीरिक जवळीक, प्रेमाच्या गोष्टी, फीपलीकडचे पैशांचे व्यवहार हे तर कधीच, कुठल्याही कारणाने बरोबर नसतं, अशा वेळी तडक बाहेर पडा, त्यांच्या कौन्सिलकडे तक्रार करा, त्यात तुमची काडीचीही चूक नाही.

किती थांबायचं? माणूस जुळतोय का हे तीन-चार सेशनमध्ये कळतं, गुण यायला मात्र जास्त वेळ लागतो. हॉवर्ड नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, त्यात आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांमध्ये आणि सव्वीसपर्यंत पाऊणशे टक्के लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा दिसली. ही सरासरी आहे, तुमचं जुनं दुखणं असेल तर जास्तही लागेल, पण सात-आठ सेशन झाली की तो सुरुवातीचा कागद घेऊन दोघांनी मिळून बघायला हरकत नाही की यातलं काय हललंय.

काहीच हललं नसेल आणि बोलूनही फरक पडत नसेल तर बदला. अपराधी वाटून घेऊ नका, त्यांना याची सवय असते. "मला वाटतं मला वेगळ्या पद्धतीची गरज आहे, तुम्ही कुणाचं नाव सुचवाल का?" एवढं पुरे. शक्य असेल तर एक शेवटचं सेशन घ्या आणि आतापर्यंत काय काम झालं त्याचा छोटा सारांश लिहून मागा, म्हणजे नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

आणि हे सगळं तुम्ही दुसऱ्या कुणासाठी शोधत असाल, नवरा, आई, मोठा झालेला मुलगा, तर त्यांना न सांगता परस्पर अपॉइंटमेंट घेऊ नका. दोन-तीन नावं काढून द्या, निवडू त्यांना द्या, हवं असेल तर सोबत जा आणि बाहेर बसा. आत काय बोललात हे विचारू नका, काउन्सेलरला फोन करून तर मुळीच विचारू नका, तो सांगणार नाही आणि त्याने सांगूही नये.