जुन्या शेवी सी-टेन पिकअप ट्रकला फ्युएल इंजेक्शन बसवताय? आधी टाकी बघा

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन टाकायचं ठरलं की पहिले पैसे जातात चकचकीत थ्रॉटल बॉडीच्या किटवर, आणि पेट्रोल तिथपर्यंत पोचणार कसं हा विचार सगळ्यात शेवटी. उलटं करा, टाकीपासून सुरू करा.

कारण प्रेशर. इंजिनवरचा जुना मेकॅनिकल पंप ५-७ पीएसआय (प्रेशरचं माप) देतो, शेवी बनवणाऱ्या जीएमच्या १९८७ च्या टीबीआयला (थ्रॉटल बॉडीतून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन) ९ ते १३ लागतं, आणि होली स्नायपर हे तयार इंजेक्शन किट नाहीतर जीएमचं नवीन पिढीचं एलएस इंजिन टाकणार असाल तर ५८ च्या आसपास. म्हणजे जुने होज, जुने क्लॅम्प सगळे बाद.

१९७३ ते ८७ च्या ट्रकला टाकी फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला असते, तिथे सोपं आहे, १९८७ च्या इंजेक्शनवाल्या ट्रकची टाकी आणि सेंडिंग युनिट (टाकीतलं पेट्रोलची पातळी सांगणारं युनिट) शोधा, त्यात पंप आतच बसतो आणि रिटर्नचा, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत आणणारा पाइपही मिळतो, फक्त आतला पंप टीबीआयपुरता असतो, ५८ पीएसआय हवं तर तो बदलावा लागतो. १९६७-७२ वाल्यांची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे, आणि पाठीमागे पेट्रोल घेऊन बसणं मला तरी पटत नाही, बरेच जण शेवीच्याच ब्लेझर एसयूव्हीची टाकी मागे बेडखाली घेतात तेच करा.

पंप टाकीत बुडालेलाच बरा, थंड राहतो, आवाज कमी. बाहेरचा इनलाइन पंप लावायचाच असेल तर टाकीला खेटून आणि तिच्या तळापेक्षा खाली लावा, कारण हे पंप ढकलायला पक्के पण ओढायला कच्चे, इंजिनजवळ लावला की उन्हाळ्यात वाफ धरतो आणि गाडी सिग्नलवर बंद.

साइजचा हिशोब घरीच करा: एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल, ३०० एचपीला १५० पाउंड, गॅलन साधारण ६ पाउंडाचा म्हणजे २५ गॅलन, तासाला ९५ लिटर. वालब्रोचा २५५ लिटरचा पंप घेतला की झालं. "असू दे जास्त" म्हणून ४०० चा घेऊ नका, जादा पेट्रोल नुसतं गोल फिरून तापतं आणि रिटर्न बारीक असेल तर प्रेशर खालीच येत नाही.

फीड, म्हणजे इंजिनकडे जाणारी लाइन, ३/८ इंच, रिटर्न ५/१६ किंवा ३/८, दोन्ही फ्रेमच्या आतून आणि सायलेन्सरपासून लांब. एलएसवाल्यांनी १९९९-२००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर बघावा, त्यात ५८ पीएसआयचा रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा) आतच असतो, म्हणजे रिटर्न मागेच संपतो आणि पुढे इंजिनपर्यंत एकच लाइन. बाहेरच्या पंपाच्या आधी जाड १०० मायक्रॉनचा आणि नंतर बारीक १० मायक्रॉनचा फिल्टर, ही अदलाबदल केली की पंप मेलाच.

होजवर काय छापलंय ते वाचून घ्या. ३०आर७ लिहिलेला कार्ब्युरेटरचा, तो ५० पीएसआयपर्यंतच. ३०आर९ इंजेक्शनचा, पण तोही टाकीच्या आत चालत नाही बरं का, बाहेरून पेट्रोल लागलं की तो खराब होतो, बुडलेल्या तुकड्याला ३०आर१०च हवा. महाग आहे, वीतभर घ्या. खाचावाले क्लॅम्प रबर कापतात, सपाट पट्टीचे इंजेक्शन क्लॅम्प घ्या.

वायरिंग रिलेवरून, बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि फ्यूज, अर्थ रंग खरवडून फ्रेमवर. व्होल्टेज पडलं की पंपाचा फ्लोही पडतो. अपघातात पंप बंद व्हावा म्हणून फोर्डचं इनर्शिया स्विच घाला, जंकयार्डात स्वस्त मिळतं. मेकॅनिकल पंपाच्या जागी भोक झाकणारी ब्लॉक-ऑफ प्लेट, आणि तो पंप चालवणारा आतला पुशरॉड (दांडा) काढायला विसरू नका.

शेवटी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा, पंप दोनेक सेकंद चालून थांबेल, असं चार-पाचदा करा, गेजवर प्रेशर टिकतंय का बघा आणि प्रत्येक जॉइंटखाली कोरडा पेपर टॉवेल धरा. जराही ओला झाला तर तो जॉइंट उघडून परत करा, आवळत बसू नका.